छताला भोक न पाडता टेबलावर उजेड : 'आर्को' दिव्याचं प्रकरण

मागच्या पावसाळ्यात एका काकूंचा फोन आला, "अगं तो कमानीचा दिवा पडला, लवकर ये." मी पुण्यात घरांची इंटिरियरची कामं करते आणि तो दिवा घ्या असं मीच त्यांना म्हटलं होतं, त्यामुळे पोटात गोळाच आला. गेले तर कुणाला लागलं नव्हतं. चार वर्षांच्या नातवाने खुर्चीवर उभं राहून वरची वाटी धरली आणि खाली ओढली, दिवा सगळा टेबलावर आडवा, काचेचे दोन बोल फुटले आणि बुड जमिनीवरून उचललं जाऊन कलंडलेलं. ते बुड सुटं करून बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवलं तर २१ किलो. बाहेरून पांढरा संगमरवर दिसत होता, पण कोपरा फुटला होता तिथून आतलं दिसलं, चार बाजूंनी पातळ फरशी चिकटवलेली आणि आत सिमेंट, तेही अर्धवट भरलेलं.

हा दिवा कशाची नक्कल आहे ते मला माहीत होतं, काकूंना नव्हतं. आणि माहीत असूनही मी बुडाचं वजन विचारलं नाही ही चूक माझीच. त्यानंतर मी मूळ दिव्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेले आणि त्याच्या कोर्टाच्या केसपर्यंत पोचले. ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय, कारण या एका दिव्यात आमच्या धंद्यातल्या बऱ्याच गोष्टी येतात.

मूळ दिवा म्हणजे 'आर्को'. साल १९६२, गाव मिलान, बनवणारे दोन भाऊ, अकिले कास्तिल्योनी आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी. दोघेही आर्किटेक्ट, वडील जान्निनो कास्तिल्योनी शिल्पकार, म्हणजे दगड आणि धातू घरातच. थोरला भाऊ लिव्हिओ पण आधी बरोबर काम करायचा, १९५२ नंतर हे दोघे राहिले. दिवा काढला 'फ्लॉस' कंपनीने, तीही त्याच १९६२ साली उत्तर इटलीतल्या मेरानोत सुरू झालेली. फ्लॉस म्हणजे लॅटिनमध्ये फूल.

त्यांच्यासमोरचा प्रश्न हा अगदी काकूंचाच प्रश्न होता. जेवणाच्या टेबलावर वरून उजेड पाहिजे. वरून उजेड म्हणजे टांगता दिवा, टांगता दिवा म्हणजे छताला भोक, वायर आणि पॉइंट. आणि एकदा तिथे पॉइंट काढला की टेबल कायमचं त्याच्याखाली अडकलं, उद्या हॉलची मांडणी बदलायची तर दिवा तिथेच आणि टेबल भलतीकडे. काकूंकडे तर भाड्याचा फ्लॅट, मालकाने बजावून सांगितलेलं की स्लॅबला ड्रिल लावायचं नाही, आणि हॉलचा ट्यूबचा पॉइंट अशा जागी की जेवायला बसलं की आपलीच सावली आपल्या ताटात पडते.

मग उभा दिवा ठेवावा तर त्याची अडचण वेगळी. जमिनीवर उभे राहणारे दिवे फार जुने आहेत. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पोम्पेई या रोमन शहराच्या घरांत सिंहाच्या पंजाचे पाय असलेले काशाचे उंच दीपस्तंभ सापडलेत, आणि प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की अशा दिव्यांचा वरचा भाग एजिना बेटावरच्या कारागिरांचा चांगला आणि दांडा तारेन्तुमचा चांगला, आणि लोक एकेका दिव्याला लष्करी ट्रिब्यूनच्या, म्हणजे रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या, पगाराएवढी किंमत मोजायला लाजत नाहीत. म्हणजे दिव्याच्या किमतीबद्दलची कुरकुर दोन हजार वर्षं जुनी आहे. पुढे फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात मेणबत्त्यांची झाडं ठेवायला कोरीव सोनेरी उंच स्टँड आले, मग रॉकेलचे दिवे, मग वीज. मारियानो फोर्तुनीचा १९०७ चा तिकाटण्यावरचा मोठ्या छत्रीसारखा दिवा, तो नाटकाच्या प्रकाशयोजनेतूनच आला. पिएत्रो किएझाचा १९३३ चा लुमिनातोर, नुसती उभी नळी, वर तोंड उमललेलं, उजेड छतावर टाकून खाली परतवायचा. पण या बहुतेक सगळ्यांत एक गोष्ट सारखी, उजेड आणि त्याचा पाय एकाच उभ्या रेषेत.

आपली समई घ्या ना. खाली पसरट जड बैठक, मध्ये दांडा, वर तेलाची वाटी, सगळं बरोबर एकावर एक. म्हणूनच तेल भरलेली, पाच वाती पेटलेली समई देवापाशी तासनतास उभी राहते आणि फार मोठी बैठक लागत नाही. टेबलावर किंवा समोरच्या माणसावर वरून उजेड हवा असेल तर आपण समई वापरत नाही, तिथे लामणदिवा, साखळीने छताला टांगलेला. दोन कामं आणि त्यांची दोन वेगळी भांडी. कास्तिल्योनींना पाहिजे होतं काम लामणदिव्याचं आणि उभं राहणं समईसारखं. मला तरी आर्को समजला तो असा.

आता टेबलाशेजारी उभा करून टेबलावर झुकणारा दिवा तेव्हाही मिळायचाच, पण त्याला वळसा घालून जावं लागायचं. वाढणाऱ्याला मागून फिरता आलं पाहिजे, खुर्ची मागे सरकली पाहिजे. त्यांनी हिशोब केला तो इथून, की टेबलाभोवती जागा मोकळी सोडायची तर दिव्याचा पाय निदान दोन मीटर लांब गेला पाहिजे. आणि माणसाने कमानीखालून न वाकता जायचं तर उंची अडीच मीटरच्या आसपास. ती जी सुंदर कमान आपण फोटोत बघतो ती या दोन आकड्यांतून आलीय. कुणीतरी बसून आधी छान रेघ काढली आणि मग तिला दिवा जोडला असं झालेलं नाही.

कमानीसाठी स्टीलच्या पन्हळीसारख्या पट्ट्या, बाजारात तयार मिळणाऱ्या प्रकारातल्या, तीन तुकडे, एकात एक सरकणारे, म्हणजे कमान पाहिजे तेवढी लांब करता येते आणि वायर त्या पन्हळीतूनच जाते, वेगळी लोंबत नाही. वरची वाटी ॲल्युमिनियमची, दोन भागांची. वरची टोपी पक्की आणि तिला भोकं, आतल्या बल्बची गरम हवा त्यातून निघून जाते, आणि त्या टोपीवर बसलेली खालची कड हलवता येते म्हणजे उजेड थोडा इकडे तिकडे वळतो.

आणि मग बुड. टोकाला वाटी, दोन मीटर बाहेर. आपल्याकडे तराजूची दांडी सगळ्यांना माहीत आहे, दोन मीटरवरचा एक किलो आणि वीस सेंटिमीटरवरचे दहा किलो सारखेच ओढतात. त्यामुळे खाली चांगलं जड काहीतरी लागणारच. आधी त्यांनी काँक्रीटचा विचार केला होता. मग संगमरवर घेतला, कारण तेवढ्याच वजनाला संगमरवराचा ठोकळा लहान होतो, दिसायला नीट होतो, आणि तो इटलीत, 'करारा' गावच्या खाणी तिथल्याच, परवडतो पण. मी स्वतः हिशोब करून पाहिला. संगमरवर लिटरला साधारण २.७ किलो, काँक्रीट २.४, म्हणजे ६५ किलोला संगमरवर २४ लिटर आणि काँक्रीट २७ लिटर. फरक तीनच लिटरचा आहे, पण कामाला लागल्यावर असले तीन लिटर मोजणारी माणसं ही.

६५ किलो म्हणजे हलवायचं कसं हा पुढचा प्रश्न, कारण सगळा खटाटोप टेबल हलवता यावं म्हणूनच तर होता. तर ठोकळ्याला आरपार भोक पाडलं, त्यातून झाडूचा दांडा घालायचा आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी उचलायचं. भोक त्यासाठी आहे. मी कॉलेजात असताना कित्येक वर्षं समजत होते की ते भोक शोभेला आहे, शिल्पात असतं तसं, आणि खरं कारण कळलं तेव्हा इतका आनंद झाला की आमच्या साइटवरच्या सगळ्या सुतारांना सांगत सुटले होते. ठोकळ्याच्या कडा पण तासलेल्या आहेत, येता जाता पाय आपटून लागू नये म्हणून. म्हणजे आख्ख्या दिव्यात निव्वळ दिसण्यासाठी म्हणून केलेलं काही सापडत नाही.

या दोघांची पद्धतच ती. ट्रॅक्टरची सीट घेऊन त्यांनी स्टूल केलं, मेझाद्रो, १९५७ सालचं. आर्कोच्याच वर्षी 'तोइओ' नावाचा दुसरा उभा दिवा केला, त्यात वर गाडीच्या हेडलाइटचा बल्ब, वायर पकडायला मासेमारीच्या गळाच्या काठीवरच्या कड्या, आणि ट्रान्सफॉर्मर खाली ठेवला म्हणजे तेच बुडाचं वजन. आणि त्याआधीचा त्यांचा १९५४ चा लुमिनातोर, किएझाच्या दिव्याचं नाव तेच, त्याची नळी बल्बच्या होल्डरएवढीच जाड. लागेल तेवढंच घ्यायचं आणि जे घेतलं त्याच्याकडून दोन कामं करून घ्यायची.

आर्को खूप चालला. न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयात गेला, मासिकांत, सिनेमांच्या सेटवर, वकिलांच्या ऑफिसात सगळीकडे दिसायला लागला, आणि नकला सुरू झाल्या. पिएर जाकोमो १९६८ मध्ये गेले, अकिले २००२ च्या डिसेंबरमध्ये. मिलानमध्ये किल्ल्यासमोरच्या चौकातला अकिलेंचा स्टुडिओ त्यांच्यानंतर लोकांना बघायला उघडला गेला.

आता केस. सेमेरारो नावाची इटलीतली फर्निचर विकणारी कंपनी चीनमधून 'फ्लुइडा' नावाचा दिवा आणून विकत होती. तशीच कमान, तसाच ठोकळा, तशीच वाटी. फ्लॉसने २००६ च्या नोव्हेंबरमध्ये मिलानच्या कोर्टात दावा लावला की ही आर्कोची नक्कल आहे आणि आर्कोवर आमचा कॉपीराइट आहे. ऐकायला सरळ वाटतं पण खरी गंमत कायद्यात आहे, थोडं सावकाश वाचा.

इटलीचा कॉपीराइटचा कायदा १९४१ चा. त्यात कारखान्यात बनणाऱ्या वस्तूला कॉपीराइट मिळायचा तो फक्त तेव्हाच जेव्हा तिच्यातली कला वस्तूपासून वेगळी काढता येते. म्हणजे ताटलीवर चित्र काढलंय, तर चित्र ताटलीपासून वेगळं काढून कागदावर ठेवता येतं, चित्राला संरक्षण. आर्कोतून काय वेगळं काढणार? कमान काढली तर दिवा नाही, ठोकळा काढला तर दिवा पडतो. ज्या कारणाने तो दिवा इतका चांगला, नेमक्या त्याच कारणाने तो कायद्याच्या बाहेर. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं. ज्याने उगाच नक्षी चिकटवली त्याच्या नक्षीला संरक्षण आणि ज्याने एकही उगाच गोष्ट केली नाही तो उघड्यावर.

१९९८ मध्ये युरोपियन युनियनचा डिझाइनविषयी निर्देश आला, म्हणजे सगळ्या सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, ९८/७१ नंबरचा. त्याच्या १७ व्या कलमात म्हटलं की नोंदणी झालेल्या डिझाइनला कॉपीराइटचं संरक्षण पण मिळू शकलं पाहिजे, अटी काय ठेवायच्या ते त्या त्या देशाने ठरवावं. इटलीने २००१ मध्ये आपला कायदा बदलला, ती वेगळं काढण्याची अट गेली, आणि नवी अट आली की कामात सर्जनशीलता आणि कलात्मक मूल्य पाहिजे. पण इटलीत नकला करणारे कारखाने आणि दुकानं भरपूर, त्यांचा दबाव, म्हणून लगेच त्याच वर्षी एक सवलत घातली, की १९ एप्रिल २००१ च्या आधी जे लोक अशा खुल्या झालेल्या, म्हणजे संरक्षण नसल्यामुळे कुणालाही वापरता येणाऱ्या, डिझाइनच्या वस्तू बनवत-विकत होते त्यांच्याविरुद्ध १० वर्षं हा कॉपीराइट चालणार नाही. मग २००७ मध्ये ती १० वर्षांची मुदत पण काढून टाकली आणि म्हटलं की त्या तारखेआधी खुल्या झालेल्या डिझाइनच्या वस्तूंना संरक्षण नाहीच. मग २००९ मध्ये परत बदल. एक केस चालू असताना कायदाच दोनदा फिरला.

मिलानच्या कोर्टाने २००६ च्या डिसेंबरअखेर तात्पुरता आदेश दिला, फ्लुइडाचा आलेला माल जप्त आणि विक्री बंद. पण मुख्य दाव्यात कोर्टाला प्रश्न पडला की इटलीची ही सवलत युरोपच्या निर्देशात बसते का, आणि त्यांनी तो लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयाकडे पाठवला. निकाल आला २७ जानेवारी २०११ ला. न्यायालयाने म्हटलं की नोंदणी झालेलं डिझाइन नंतर खुलं झालं असलं तरी, कॉपीराइटच्या अटी ते पुरं करत असेल तर नुसतं आधी खुलं होतं म्हणून त्याला संरक्षण नाकारता येत नाही, कायमचं तर नाहीच, आणि १० वर्षं ही पण फार मोठी मुदत आहे. ज्यांनी आधी प्रामाणिकपणे धंदा उभा केला त्यांना माल संपवायला वाजवी वेळ द्या, पण वाजवी. आणि ज्या डिझाइनची नोंदणी कधी झालीच नाही ती या कलमात येत नाहीत, पण कॉपीराइटच्या दुसऱ्या निर्देशांखाली त्यांना संरक्षण मिळू शकतं, ते इटलीतल्या कोर्टाने बघावं. मग २०१२ मध्ये मिलानच्या कोर्टाने फ्लॉसच्या बाजूने निकाल दिला, आर्कोला कॉपीराइट आहे आणि फ्लुइडाने तो मोडला.

कलात्मक मूल्य ठरवायचं कसं, तर इटलीतली कोर्टं बघतात की संग्रहालयांत ठेवलंय का, प्रदर्शनांत गेलंय का, जाणकारांनी काय लिहिलंय. म्हणजे वस्तूला कला ठरवायला तिला आधी प्रसिद्ध व्हावं लागतं. माझा याला विरोध आहे. एखाद्या लहान गावातल्या कारागिराने आजच उत्तम दिवा केला तर त्याच्यामागे मोमा कुठून असणार. नंतर २०१९ मध्ये कोफेमेल नावाच्या केसमध्ये, ती कपड्यांची केस होती, युरोपियन न्यायालयाने म्हटलं की वेगळा सौंदर्याचा परिणाम असली जादा अट लावू नका, काम करणाऱ्याची स्वतःची निर्मिती आहे का एवढं बघा. हे मला जास्त पटतं.

मुदतीचं मात्र अवघड आहे. युरोपात कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि दोघांनी मिळून केलेलं काम असेल तर शेवटी गेलेल्यापासून मोजायचं. अकिले २००२ ला गेले, म्हणजे २०७२ संपेपर्यंत. दिवा १९६२ चा, म्हणजे ११० वर्षं. ट्रॅक्टरची सीट आणि गळाच्या कड्या उचलून नवं करणाऱ्या माणसांच्या कामाला एवढं मोठं कुंपण मला तरी जास्त वाटतं, आणि फुकट १० वर्षं नकला करू देणं पण चूक वाटतं. १५-२० वर्षांत कुठेतरी बरोबर उत्तर असावं असं माझं मत.

आपल्याकडे डिझाइनची मुदत साधारण तेवढीच आहे. डिझाइन ॲक्ट २००० मध्ये नोंदणी केली तर आधी १० वर्षं आणि वाढवून मिळाली तर अजून ५. आणि कॉपीराइट ॲक्ट १९५७ च्या १५ व्या कलमात आहे की नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, आणि वस्तू यंत्राने ५० पेक्षा जास्त वेळा निघाली, की त्या डिझाइनचा कॉपीराइट संपला. फर्निचर-दिवे करणाऱ्या माझ्या ओळखीच्या किती तरुण मुलामुलींना हा ५० चा आकडा माहीतच नसतो, ५१ वा पीस निघून जातो. म्हणून इथे मुद्दाम लिहितेय, वस्तू लोकांसमोर आणायच्या आधी नोंदणीचा अर्ज टाका, कारण आधी बाहेर आलेल्या डिझाइनची नोंदणी नंतर होत नाही.

परत काकूंच्या दिव्याकडे. तो ज्याने बनवला त्याने आर्कोची बाहेरची रेघ बरोबर उचलली होती, कमान, वाटी, ठोकळा, अगदी भोकसुद्धा होतं. पण ते भोक बोटभर रुंद आणि आतून बंद, त्यात झाडूचा दांडा जातच नव्हता. आणि २१ किलोला दांडा लागतो कशाला, एकटा माणूस उचलतो. भोक ठेवलं आणि वजन काढून टाकलं. मूळचा ६५ किलोचा असता तरी लहान मुलाने त्याला लटकणं धोक्याचंच, कुठलाही उंच दिवा तसाच, पण तिसऱ्या हिश्श्याच्या बुडाला कलंडायला जोर पण साधारण तिसरा हिस्साच पुरतो. कोर्टात रेघेवर भांडण होतं, कारण रेघच दाखवता येते. वजनाची चोरी, म्हणजे कमी वजन देणं, त्यात कुठेच येत नाही आणि घरात पडतं ते त्यामुळेच.

फ्लॉसने २०२२ ला साठ वर्षं झाली म्हणून बुड काचेसारख्या पारदर्शक क्रिस्टलचं केलेला आर्को मोजक्या नगांत काढला. तो फोटो मी काकूंना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यात तर आतलं सगळं दिसतंय गं, लपवायला जागाच नाही." बरोबर होतं.

तो मूळचा दिवा लाखांत जातो, काकूंना तो नकोच होता आणि मी सुचवला पण नाही. आम्ही दोघी टेबलापाशी उभ्या राहिलो आणि मी विचारलं, या बाजूने कोण बसतं? कुणीच नाही, घरात चार माणसं, भिंतीकडची बाजू रिकामीच असते. मग टेबल भिंतीला लावलं. मागून कुणाला फिरायचंच नाही म्हणजे ते दोन मीटर लागतच नाहीत, दिवा भिंतीच्या कोपऱ्यात उभा राहू शकतो आणि हात अर्धा मीटर बाहेर आला की पुरे. साध्या सरळ दांड्याचा, वळणाऱ्या हाताचा उभा दिवा आणला, बुड बिडाचं, १४ किलो, या वेळी दुकानातच काटा मागून वजन करून घेतलं आणि तिथेच हात पूर्ण बाहेर काढून टोकाला माझी पर्स लटकवून पाहिली. वायर भिंतीला चिकटवून टाकली म्हणजे नातवाच्या पायात येणार नाही. पडलेला दिवा दुकानदाराने परत घेतला नाही, त्याची कमान काकूंच्या गॅलरीत आहे, तिच्यावर त्यांनी कृष्णकमळ चढवलंय.